घोडीला जवारी

सई म्हणते, हे प्रकरण या पुस्तकात बसत नाही. माझ्या वह्या तीच कॉम्प्युटरवर चढवते, त्यामुळे तिला बोलायचा हक्क आहे. "आजी, तू तेव्हा फिफ्टी-फाइव्ह होतीस. हे काय चाइल्डहूड आहे?" मी तिला सांगितलं, आहे तसं ठेव. मिरजेत माझी चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर मला कोणी काही शिकवलं नाही आणि मीही कोणाला काही विचारलं नाही. स्वयंपाक, लग्न, मुलगा, नवऱ्याचं आजारपण, हे एकामागून एक येत गेलं, पण त्याला वाढणं म्हणत नाहीत. नवरा गेल्यावर सुधीरनं मला लंडनमधल्या वेम्बलीला आणलं, तिथं मी परत "हे असं का?" म्हणायला लागले. म्हणून माझ्या हिशेबानं मी तिथंच पुन्हा वाढायला लागले.

सुधीरचं घर म्हणजे एका भिंतीत जोडलेल्या दोन घरांपैकी एक. सकाळी सात वाजता सुधीर स्टेशनकडे निघायचा, साडेसातला सून मनीषा कौन्सिलच्या ऑफिसला, आठला सई शाळेला. मग त्या घरात फ्रिजची घरघर आणि मी. दुधी किसायचा, कणीक मळायची, ईलिंग रोडवरून आणलेली मेथी निवडायची. आणि साडेनवाच्या सुमाराला त्या जोडभिंतीतून गिटार ऐकू यायची. शेजारी रॉन नावाचा म्हातारा एकटा राहायचा. तो रोज तेच चार-पाच सूर वाजवायचा, मध्येच थांबायचा, शिवी द्यायचा आणि परत तेच वाजवायचा. शिवी कुठल्याही भाषेतली कळते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, याला वाजवता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात कळलं, बोटं चांगली तयार आहेत, याला हवा तो आवाज निघत नाहीये. आवाज बंद होता. बंद म्हणजे हळू नव्हे. तार छेडली की सूर उमलत जायला हवा, तो जागच्या जागी बसत होता. लाकडावर नखानं टिचकी मारावी तसा.

हे मला कळत होतं त्याचं कारण माझे वडील. अण्णा मिरजेत तंबोऱ्या-सतारींच्या जवारीचं काम करत. वाद्य बनवणारे वेगळे. भोपळा, दांडी, नक्षी, सगळं झालं की वाद्य अण्णांकडे यायचं. तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला आमच्यात घोडी म्हणतात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा की तार त्यावर पुरती टेकत नाही आणि पुरती सुटतही नाही. तेव्हा तिच्यातून जो गुंजणारा आवाज येतो ती जवारी. केसभर जास्त घासलं तर आवाज फुटतो आणि घोडी फुकट जाते. आमच्या घरात दिवसभर दोनच आवाज, कानशीचा आणि तारेचा. आई भाकरी थापायची ती त्यांच्या तालावर थापते असं लोक म्हणत. ते खोटं आहे, आईला तो आवाज नकोसा व्हायचा. ती म्हणायची, "डोक्यात मधमाशांचं पोळं घेऊन नांदतेय मी."

सईला गिटार शिकायची होती. रॉन शिकवायला तयार होता, शनिवारी सकाळी एक तास. मनीषा म्हणाली, "आई, एकट्या म्हाताऱ्याच्या घरी पोरगी एकटी नको. तुम्ही बसाल का सोबत?" मी मेथीची जुडी आणि पातेलं घेऊन गेले आणि त्याच्या खोलीतल्या खुर्चीत बसले. रॉन उंच, वाळका, मागे पांढऱ्या केसांची शेपटी. मला "मिसेस एस" म्हणायचा, कारण सुतार हे आमचं आडनाव त्याला म्हणता यायचं नाही. निम्मा तास शिकवणं आणि निम्मा तास जुन्या गोष्टी, असा त्याचा शिरस्ता होता. सई मला त्या मराठीत सांगायची. तिची मराठी ऐकण्यासारखी होती. "आजी, तो म्हणतो, त्याच्या टाइमला सगळे मुलं सगळ्यांचा कॉपी करायची."

ही गोष्ट मला चमत्कारिक वाटली, म्हणून मी खोदून विचारत गेले. तो ज्यांची नावं घ्यायचा ती मोठी माणसं होती म्हणे, पण ती नावं मला तेव्हाही लक्षात राहिली नाहीत, म्हणून इथे लिहीत नाही. हकिगत अशी की अमेरिकेत काळे म्हातारे गवई होते, दुःखाची गाणी गिटारवर म्हणणारे. त्यांच्या तबकड्या इंग्लंडात मिळायच्या नाहीत. एखाद्या पोराकडे एक तबकडी यायची, की त्याच्या झोपायच्या खोलीत सात-आठ जण जमायचे. तबकडीवर बोट टेकवून ती हळू फिरवायची आणि एकेक सूर उतरवून घ्यायचा. मी विचारलं, सगळे एकच तबकडी ऐकून शिकले तर सगळ्यांचं वाजवणं सारखं कसं नाही झालं? रॉन हसला आणि सईला बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. सई म्हणाली, "तो म्हणतो, प्रत्येकाने वेगळा मिस्टेक ऐकला. मग ती मिस्टेकच त्याचा स्टाइल झाला. मग दुसरा माणूस ती मिस्टेक शिकायचा."

मेथी निवडता निवडता माझे हात थांबले. एवढी सरळ गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती.

पुढच्या शनिवारांत आणखी कळत गेलं. एकानं गिटारची पहिली तार काढून तिच्या जागी बँजो नावाच्या वाद्याची बारीक तार लावली, म्हणजे बोटानं ताणून सूर वर नेता येतो. महिन्याभरात गावातल्या दुकानातल्या बँजोच्या तारा संपल्या. एकाचा लाउडस्पीकर फाटला आणि त्यातून खरखरीत, चिडका आवाज यायला लागला. लोकांना तो आवडला, तर बाकीच्यांनी ब्लेड घेऊन आपापले चांगले स्पीकर फाडले. संध्याकाळी क्लबमध्ये एक जण वाजवत असला की बाकीचे पुढच्या रांगेत बसून त्याच्या बोटांकडे टक लावून बघायचे. टाळी कोणी वाजवत नसे. काही जण हुशार होते. नवीन काही सापडलं असलं की ते वाजवताना लोकांकडे पाठ करायचे.

"का?" सईनं विचारलं.

"बोटं दिसू नयेत म्हणून," मी रॉनच्या आधी सांगितलं. अण्णा तेच करत. दुसऱ्या कारखान्यांतली माणसं तंबाखू मळायच्या निमित्तानं येऊन बसत. ती आली की अण्णा भिंतीकडे तोंड करून कानस चालवत. माझ्याकडे मात्र त्यांनी कधी पाठ केली नाही. मी चहा घेऊन जायची आणि कप रिकामा होईपर्यंत उभी राहायची. ती माया होती असं कोणी समजू नये. मी कोणी शिकणारी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मांजराकडे कोण पाठ करतं? मी पंधरा ते अठरा अशी तीन वर्षं बघितलं. हात कुठून वळतो, किती वेळा घासून एकदा तार छेडतात, फुंकर कधी मारतात, सगळं मला पाठ होतं. कानशीला मात्र मी कधी हात लावला नाही.

त्याच वर्षांत मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून सतारींची मागणी एकदम वाढली होती. भाताच्या पेंढ्यात सतारी घालून खोकी भरायचं काम आम्हा बायकांकडेसुद्धा आलं. का, ते मिरजेत कोणाला सांगता येत नव्हतं. रॉनला विचारलं तर म्हणाला, आमच्यामुळेच. यांच्यातल्या एक-दोघांनी गाण्यात सतार घातली होती. मग ज्याला त्याला सतार पाहिजे, नाहीतर गिटारमधून सतारीसारखा आवाज तरी पाहिजे. चाळीस वर्षांनी मला कळलं की आम्ही पेंढा कोणासाठी भरत होतो.

मग एका शनिवारी रॉननं शिकवलंच नाही. तो पलंगाच्या कडेला बसून होता. पंधरा दिवसांनी क्लेअर नावाची एक बाई त्याच्याकडे येणार होती. त्या काळातल्या गिटारवाल्यांवर ती पुस्तक लिहीत होती, कोणी कोणाचं काय उचललं याबद्दल. रॉन आणि त्याचा मित्र टेरी एका बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्या एका गाण्यात गिटारमधून गांधीलमाशीसारखा आवाज यायचा. पुढे फार मोठा झालेला एक जण तो आवाज पबमध्ये ऐकून गेला आणि त्याच्या पुढच्या तबकडीत तोच आवाज होता. त्यांची स्वतःची तबकडी कधी निघाली नाही, त्यामुळे पुरावा काही नाही. चाळीस वर्षं रॉन हे सांगत होता आणि चाळीस वर्षं लोक, हो का, म्हणून दुसरा विषय काढत होते. आता ऐकायला माणूस येणार होतं, तर तो आवाज निघत नव्हता. गिटार तीच, बोटं तीच.

मी पहिल्यांदा ती गिटार हातात घेतली. तारा एका लोखंडी पट्टीवर टेकलेल्या होत्या. मी सईला म्हणाले, "त्याला विचार, ही घोडी पहिल्यापासून अशीच आहे का? आणि सांग, घोडीला जवारी पाहिजे. जवारी नसली तर कसला आवाज निघणार?"

सईनं माझ्याकडे बघितलं, मग रॉनला काहीतरी सांगितलं. रॉननं गंभीरपणे मान हलवली. मला वाटलं, समजलं.

मंगळवारी सकाळी दारावर टकटक झाली. रॉन उभा, हातात एक पिशवी. आत बारीक पिवळ्या दाण्यांची कणसं. पक्ष्यांना घालतात ती. संध्याकाळी सईला विचारलं तर ती म्हणाली, "तूच म्हणालीस. द मेअर नीड्स मिलेट. घोडी म्हणजे मेअर. ज्वारीच्या पिठावर मिलेट लिहिलेला असतो ना, ईलिंग रोडला. मला वाटलं, तुमच्यात असं बोलतात." सुधीर जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. मनीषा म्हणाली, "बिचाऱ्यानं विकत आणलं हो, आई." मी सईला घेऊन परत शेजारी गेले आणि समजावून सांगितलं. रॉन म्हणाला, त्याला ते कोणीतरी साधू बोलतो तसं वाटलं होतं. अर्थ लागेना म्हणून निदान वस्तू तरी आणून ठेवावी, असा त्यानं विचार केला.

लोखंडी पट्टी मागाहून बसवलेली होती. कुठल्याशा कारागिराला तारेची गुणगुण हा बिघाड वाटला, त्यानं तो दुरुस्त केला होता. जुनी घोडी लाकडाची होती. ती रॉननं तंबाखूच्या डबीत ठेवली होती, ती घेऊन आला. काळं घट्ट लाकूड, माथ्यावर तारांनी पाडलेले खोल चर. तंबोऱ्यासारखीच, खिळा नाही की स्क्रू नाही, नुसती तारांच्या दाबाखाली उभी राहणारी. डबीच्या तळाला लाल दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. मी तो उचलला आणि विचारलं, हे काय? "काही नाही, कचरा," असं म्हणून रॉननं तो माझ्या बोटांतून काढून घेतला आणि खिशात टाकला. कचरा कोणी खिशात ठेवत नाही.

सईनं त्याच्या वतीनं विचारलं, "आजी, तो विचारतो, तुला येतो का हे करायला? हाच एक आहे त्याच्याकडे. हा तुटला तर संपला."

खरं सांगायचं तर मला येत होतं की नाही हे मलाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "सांग, येतं."

शनिवारी त्याच्या किचनच्या टेबलावर बसले. रॉननं अवजारांची पेटी पुढे ठेवली, तिच्यातली सर्वांत बारीक कानस मी घेतली. पहिले दोन हात अडखळत मारले. मग लाकडाचा वास आला, आणि हात आपोआप त्या वळणानं जायला लागला. सात वेळा घासायचं, फुंकर मारायची, घोडी तारांखाली सरकवायची, छेडून बघायचं, परत काढायची. चर निघून माथा सपाट झाला, मग त्याला पुढच्या बाजूला जेमतेम उतार दिला. दोन तास गेले. सईनं मध्ये टोस्ट भाजून आणले, ते तसेच गार झाले. रॉन दाराशी उभा राहून बघत होता. आवाज थोडा उघडला, पण फुलला नाही. आणखी घासलं असतं तर घोडी गेली असती, ते मला कळत होतं. अण्णा इथे थांबत आणि दोरा घेत. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घालून इंच इंच पुढेमागे सरकवायचा, एका जागी तार बोलायला लागते. मी सईला घरी पाठवून माझा शिवणाचा डबा आणवला आणि पांढरा दोरा तारेखाली घातला.

तिसऱ्यांदा सरकवला तेव्हा तार बोलली. खोलीभर गुंजन झालं, भांड्यांच्या मांडणीतला चमचासुद्धा वाजला. सई म्हणाली, "ओह माय गॉड, आजी." मी रॉनकडे बघितलं. त्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतं. तो दोऱ्याकडे बघत होता, आणि चेहरा असा की चोरी करताना कोणीतरी दिवा लावला. तेव्हा मला कळलं की दोऱ्याचं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. चर पडलेल्या घोडीवर त्यानं लाल दोरा घालून बघितला होता, जमलं नव्हतं, आणि ते त्यानं मला सांगितलं नव्हतं.

क्लेअर आली ती चाळिशीची, चुणचुणीत बाई. तिनं टेबलावर छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलं. रॉननं आम्हा दोघींना बोलावलं होतं, मी शेंगदाण्याची चटणी आणि थालीपिठं नेली होती. रॉन वाजवायला लागला आणि क्लेअरनं लिहायचं थांबवलं. ते त्या मोठ्या माणसाच्या तबकडीतलंच होतं म्हणे, अगदी तेच. ती म्हणाली, "म्हणजे हा आवाज तुम्ही काढलात." रॉन म्हणाला, "घोडी या बाईंनी केली." मग क्लेअरनं मला विचारलं, तुम्ही हे कोणाकडे शिकलात?

मी सईला म्हणाले, "सांग, वडिलांचं बघून चोरलं. त्यांनी शिकवलं नाही. त्यांना माहीतही नव्हतं."

सईनं सांगितलं. क्लेअर हसली आणि लिहून घेतलं. मी रॉनला टोमणा मारला नव्हता. मला विचारलं, मी खरं ते सांगितलं. सईला अजून वाटतं की मी मुद्दाम बोलले. वाटू दे.

रॉननं गिटार खाली ठेवली. म्हणाला, ते रेकॉर्डिंग मागे न्या, परत सांगतो. त्यानं हळूहळू सांगितलं, सई माझ्या कानात सांगत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या मराठीकडे माझं लक्ष नव्हतं. आवाज टेरीचा होता. टेरी कुठल्याशा कॉलेजच्या हॉलमध्ये हिंदुस्थानी गाणं ऐकायला गेला होता. गवयामागे एक बाई तंबोरा घेऊन बसली होती. गाणं संपल्यावर टेरी तिच्याकडे गेला आणि तारांखाली दोरे बघून आला. घरी बहिणीच्या डब्यातला लाल दोरा त्यानं गिटारला लावला. हा दोरा सरकवताना तो लोकांकडे पाठ करायचा, बँडमधल्या आपल्या माणसांकडेसुद्धा. एकदा तो चिप्स आणायला गेला, तेव्हा रॉननं त्याच्या गिटारची पेटी उघडून बघितली. पुढे टेरीनं वाजवणं सोडलं, बापाच्या धंद्यात गेला, लवकर मेला. आवाज रॉनकडे राहिला, रॉनकडून त्या मोठ्यानं नेला. एवढं खरं होतं. पण चाळीस वर्षं "माझ्याकडून" म्हणताना रॉन मधला एक माणूस गाळत होता.

क्लेअरनं विचारलं, "टेरीचं आडनाव?" रॉननं स्पेलिंग करून सांगितलं. तेही दोनदा.

ती बाई कोण, तिचा तंबोरा मिरजेचा होता का, तो अण्णांच्या हाताखालून गेला होता का, असं सुधीर मला नंतर विचारत होता. मिरजेचे तंबोरे जगभर जातात, म्हणून काही सिद्ध होत नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं. पण त्या बाईचं नाव टेरीनंही विचारलं नव्हतं, तेव्हा तो माग तिथेच संपतो.

क्लेअर गेल्यावर रॉन थालीपीठ खात म्हणाला, "मिसेस एस, तुमच्यापायी पुस्तकातलं माझं अख्खं प्रकरण गेलं."

"एक ओळ तरी येईल," मी म्हणाले. सईनं ते सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

पुस्तक दीड वर्षानं आलं, तोवर रॉनचं बोलणं मला सईशिवाय कळायला लागलं होतं. टेरीवर अर्धं पान होतं, लाल दोऱ्यासकट. त्याखाली खरंच एक ओळ होती, की पुढे हा आवाज त्याचा बँडमधला सोबती रॉय यानं चालवला. रॉनच्या जागी रॉय. रॉननं ते मला आमच्या किचनमध्ये दाखवलं. आधी त्याचा चेहरा पडला, मग तो खांदे हलवून हसायला लागला, मला वाटलं रडतोय. माझ्या कणकेच्या परातीशेजारी पुस्तक ठेवून त्यानं पेनानं ते नाव नीट केलं, इंग्रजीत एका अक्षराचा फरक होता. मग म्हणाला, लायब्ररीतसुद्धा एक आलंय. आम्ही दोघं बसनं गेलो. तो कपाटाच्या आडोशाला पेन घेऊन पानं उलटत होता, आणि मी टोकाला उभी राहून काउंटरवरची बाई इकडे येतेय का ते बघत होते.